यादीतलं पहिलं नाव

बाई, तुम्हांला जाऊन सोळा वर्षं झाली आणि मी तुम्हांला कधी पत्र लिहिलं नाही. तुम्ही होतात तेव्हाही नाही लिहिलं, हे आधीच कबूल करते, म्हणजे तुम्ही भुवई वर करायला नको. आज लिहिते आहे, कारण दुपारपासून एक गोष्ट मनात घोळते आहे आणि ती सांगावी असं इथे कोणी नाही. नवरा इथे आखातात, शर्क भागातल्या एका बँकेत असतो, भला माणूस आहे, पण त्याला सांगितलं तर म्हणेल, "अगं, कॉलेजच्या पोरींचा बास्केटबॉल तो, त्यात एवढं काय?" मुलगा इंग्रजीत तेच म्हणेल. म्हणून कॉलेजच्या पार्किंगमध्ये गाडीतच बसले आहे, एसी चालू ठेवून, आणि जुन्या स्कोअरशीटच्या कोऱ्या बाजूवर लिहिते आहे. बाहेर उन्हाने डांबर मऊ झालंय. अक्षर नेहमीसारखंच वाईट आहे.

मी इथल्या एका खाजगी कॉलेजात क्रीडा विभागात काम करते. खेळत नाही, खेळवत नाही, सामने लावते. कोण, कोणाशी, कुठल्या हॉलमध्ये, किती वाजता. जुम्म्याच्या नमाजाआधी कोणता सामना संपायला हवा, कोणत्या कॉलेजची बस कुठे अडकते, हे मला घरातल्या डब्यांसारखं पाठ आहे. इथे मुलींच्या कॉलेजांचे दोन गट आहेत, सात कॉलेजं आमच्या गटात, सात त्यांच्या. एरवी जो तो आपापल्या गटात खेळतो, आणि वर्षातून एकदा हे दोन गट समोरासमोर येतात. सात सामने, चार जिंकले की ढाल. जोड्या लावायची पद्धत अशी, की दोन्ही गटांनी आपल्या सात संघांची यादी बंद लिफाफ्यात द्यायची. लिफाफे एकदम उघडतात. यांचा पहिला त्यांच्या पहिल्याशी, दुसरा दुसऱ्याशी. आमच्या गटाची यादी मी करते. पाच वर्षं करते आहे आणि पाचही वर्षं ढाल त्यांच्याकडे आहे.

त्याचं कारण साधं आहे. त्यांचा प्रत्येक संघ आमच्या त्याच क्रमांकाच्या संघापेक्षा थोडासाच बरा आहे. आणि ते लोक दरवर्षी यादी ताकदीच्या क्रमानेच लिहितात, सगळ्यात बलाढ्य संघ पहिला, कारण आपल्या राणीला दुसऱ्या क्रमांकावर बसवणं त्यांच्या शानेला शोभत नाही. गेल्या आठवड्यात आमच्या गटाचे अध्यक्ष, लेबनॉनचे गृहस्थ, गोड कॉफी आणि त्याहून गोड हसू घेऊन माझ्या टेबलाशी आले. म्हणाले, "सिस्टर, धिस इयर वी विन. सगळ्यात कच्चा संघ वर टाक. बाकीचे एकेक पायरी खाली. खलास!" म्हणजे कच्च्या संघाने त्यांच्या राणीकडून मार खायचा, आणि मग आमचा पहिला त्यांच्या दुसऱ्याशी, आमचा दुसरा त्यांच्या तिसऱ्याशी. एक सामना घालवायचा, पाच-सहा कमवायचे. मी मान हलवली. बाई, ही युक्ती मला नवी नव्हती. तुम्हांला तर नव्हतीच नव्हती.

कच्चा संघ म्हणजे फरवानियाजवळचं एक छोटं कॉलेज. यंदाच संघ उभा राहिला, आठ पोरी, त्यातल्या दोघींच्या अजून पायात बॉल येतो. त्यांची कॅप्टन आपली आहे, म्हणजे रत्नागिरीकडची. जन्म इथला, पण आई-वडील तिकडचे, वडलांचं फरवानियात कापडाचं दुकान आहे. डोक्याला काळा हेडस्कार्फ घट्ट बांधते, लांब बाह्यांचा टीशर्ट घालते आणि साडेपाच फुटांची असून सहा फुटांच्या पोरींच्या हातातून बॉल काढते. मला मराठी येतं हे कळल्यापासून ती मला सोडत नाही. परवा ऑफिसच्या दारात उभी राहून म्हणाली, "आंटी, अब्बा येतायत मॅचला. फर्स्ट टाइम!" मी म्हटलं, अरे वा. तर म्हणते, "नाही ना, टेन्शन आहे. ते म्हणतात, आधी बघतो, मग पुढच्या वर्षीचं ठरवतो. आम्ही हरलो तरी चालेल, आंटी. पण जरा तरी खेळल्यासारखं दिसलं पाहिजे ना?"

जरा तरी खेळल्यासारखं. बाई, हे शब्द ऐकले आणि मी परभणीच्या आपल्या सिमेंटच्या कोर्टावर जाऊन उभी राहिले. मी एकवीस वर्षांची आहे. आपल्या कॉलेजच्या दोन टीम आहेत, दोन्ही तुमच्या हाताखालच्या, आणि मी दुसरीची कॅप्टन. आपल्या आणि शेजारच्या जिल्ह्यात पाच सामने आहेत, जोड्या चिठ्ठ्यांनी पडल्या असं तुम्ही सांगितलंय. आमच्यासमोर त्यांची चॅम्पियन टीम, त्यांच्याकडे एकसारखे निळे पोशाख आहेत आणि आमच्याकडे एकसारख्या फक्त रिबिनी. कोर्टाच्या पायरीवर अण्णा बसलेत. पोस्टातून अर्ध्या दिवसाची रजा काढून आलेत, मांडीवर टोपी आहे, आणि आजूबाजूच्या लोकांना सांगताहेत की ती चार नंबरची माझी. पहिल्या पाच मिनिटांत अठरा शून्य. हाफ टाइमला अण्णांनी कोणालाही काही सांगणं बंद केलं होतं. बासष्ट-सात असा सामना संपला. मी नळावर तोंड धुवायच्या निमित्ताने रडत होते, तेव्हा तुम्ही मागून आलात आणि म्हणालात, "रडायचं तर घरी जाऊन रड. इथं अजून चार सामने व्हायचेत." ते चारही आपण जिंकले. ढाल आली, फोटो निघाला, फोटोत मी कडेला आहे आणि माझे डोळे सुजलेले आहेत.

घरी जाताना अण्णा सायकल हातात धरून चालत होते. गल्लीच्या तोंडाशी आल्यावर म्हणाले, "लई पळालीस बाय. आता पुरे झालं." रागावले असते तर मी भांडले असते. पण त्यांना लाज वाटली होती, माझी नव्हे, माझ्यासाठी, आणि त्याच्याशी कसं भांडायचं ते मला आलं नाही. चार दिवसांनी तुम्ही पांढऱ्या कॅनव्हासच्या बुटांचा नवा जोड घेऊन आमच्या घरी आलात. अण्णांनी तुम्हांला चहा दिला, तुमचं सगळं ऐकून घेतलं आणि नाही म्हणाले. ते बूट घालून मी दोन वर्षं दळण आणलं.

आणि मग तुमचं स्वयंपाकघर. मी लग्नाची पत्रिका द्यायला आले होते. तुम्ही धपाटे थापत होतात, मी ओट्याला टेकून उभी. माझ्याकडे न बघता, ओल्या फडक्यावर बोटांनी भोकं पाडत तुम्ही म्हणालात, "तुमची टीम मीच पुढं केली होती. चिठ्ठ्या-बिठ्ठ्या काही नव्हत्या. अगं, कुणीतरी जावंच लागतंय पुढं. तुझा बाप येणार हे मला ठाऊक असतं, तरी मी तेच केलं असतं. ते तुला कळलं पाहिजे म्हणून सांगते." मी म्हटलं, बरोबरच केलंत बाई. तुम्ही धपाटं तव्यावर टाकलंत आणि पहिलं मला वाढलंत. मी खोटं बोलले होते. मला तुमचा इतका संताप आला होता की मी धपाट्याचे नुसते तुकडे करत होते, आणि तुम्हांला तो दिसत होता, आणि तरी तुम्ही दही वाढत होतात. त्या संतापाचं पुढे काय झालं ते मला सांगता येणार नाही. संसारात, व्हिसाच्या कागदांत, पोराच्या शाळेत कुठेतरी तो मुरला. पण आज वाटतं, एका बाबतीत तुम्ही माझ्यापेक्षा फार सरस होतात. मला तोंडावर सांगायला तुम्हांला चार वर्षं लागली, पण सांगितलंत.

आठवडाभर मी ही यादी उलटसुलट करते आहे. सरळ क्रमाने लावली तर सातही सामने अटीतटीचे होतील आणि आपण बहुतेक सगळे हरू, सहाव्यांदा. मग अध्यक्ष हसतील आणि पुढच्या वर्षी यादी दुसरं कोणीतरी करेल. या नोकरीवर माझा इथे राहायचा परवाना आहे, नवऱ्याच्या व्हिसावर मी नाही, हे तुम्हांला कोणी समजावलं नसेल, पण इथे प्रत्येक बाई ते मनातल्या मनात मोजत असते. अध्यक्षांच्या पद्धतीने लावली तर सहा कॉलेजांच्या पोरी नाचतील. पन्नास-साठ पोरी, बाई, आणि त्यांचेही बाप येणार आहेत. हा युक्तिवाद मी गाडीत, लिफ्टमध्ये, कुकरच्या शिट्ट्या मोजताना केला आहे, आणि दर वेळी तो बरोबरच निघतो. बरोबर निघतो आणि मला झोंबतो. कॅप्टनला आधी सांगून ठेवावं असंही मनात आलं. की बाळ, तुमच्यासमोर कोण येणार आहे ते ऐक, वडलांना त्या दिवशी दुकानातच राहू दे, पुढच्या सामन्याला आण. पण तसं सांगितलं तर यादी फुटली म्हणून बोंब होईल. निदान असं मी स्वतःला सांगते.

बाई, इतकं सगळं लिहिलं ते जणू लिफाफा अजून माझ्या पर्समध्ये आहे अशा थाटात. तो नाही. दोन वाजता मी तो अध्यक्षांच्या हातात दिला, त्यांनी तो दिव्यासमोर धरून बघायचं नाटक केलं आणि आम्ही दोघं हसलो. पहिलं नाव फरवानियाच्या पोरींचं आहे. तीन वाजता तिचा फोन आला. मागे कोणीतरी बॉल आपटत होतं. "आंटी, ठरलं का? कोणाशी आहे आमची?" मी म्हटलं, अजून काही ठरलं नाही गं. ती म्हणाली, "ओके आंटी, थँक यू. तुम्ही आहात म्हणून बरं वाटतं."