भिंतीपलीकडे टाकलेल्या अळ्या

मी, चांगुणाबाई दत्तू गमरे, वय वर्षे एकाहत्तर, शाळेतून निवृत्त शिपाई, राहणार खांदेश्वर येथील सिडकोचे बैठे घर, आज पूर्ण शुद्धीवर असून कोणाच्या धाकाने किंवा भरीस पडून नव्हे, तर आपणहून हे मृत्युपत्र लिहून ठेवते. गुडघे गेले आहेत, डोके शाबूत आहे. इतके शाबूत की सहा वर्षे ते मला स्वस्थ बसू देत नाही.

१. घर माझा एकुलता मुलगा अंकुश याला. अट एकच, मागच्या अंगणात फरशी घालायची नाही. गाडी लावायला जागा हवी म्हणून तो चार वर्षे माझ्या मागे लागला आहे. अंकुश, गाडी रस्त्यावर उभी राहिली तर ती वाळत नाही, फरशी घातली तर झाडे वाळतात.

२. माझे पती डास मारण्याच्या फवारणीच्या कामावर होते. शेवटी शेवटी त्यांना गरम भातालाही औषधाचा वास यायचा आणि ते ताट सारायचे. त्यांचा पंप माळ्यावर आहे. तो कोणाला देऊ नये, तळाला भोक पाडून भंगारात घालावा. ते गेल्यावर मी विहारात भन्तेजींसमोर पंचशील नव्याने घेतले आणि जीव न मारण्याचे पहिले शील झाडांवरच्या किड्यांनाही लागू केले. अंकुश म्हणाला होता, आई, तू जरा अतीच करतेस. करत होते, कबूल आहे.

३. खुरपे, झारी, निंबोळ्या कुटायचा खल आणि माझी वही विहारातल्या महिला मंडळाला. मावा पडला तर गोवऱ्यांची राख भुरभुरावी, मिरचीच्या वाफ्यात झेंडू लावावा, लसूण-मिरचीचे पाणी कडक उन्हात मारू नये, पाने करपतात, हे सगळे वहीत आहे. निंबोळी अर्काचे पान मी स्वतः खोडले होते, कारण अर्काने अळी उपाशी मरते. ते पान वाचावे आणि अर्क खुशाल वापरावा. असे का म्हणते ते पुढच्या कलमात आहे.

४. लिंबोणीवर आणि कढीपत्त्यावर पावसाळ्यात अळी येते. लहान असते तेव्हा पक्ष्याची शीट वाटते, मोठी झाली की हिरवीगार. मी ती चमच्याने उचलून श्रीखंडाच्या डब्यात गोळा करायचे. भन्तेजींना विचारले होते, अळी उचलून दुसरीकडे ठेवली तर शील मोडते का? ते नाही म्हणाले. दुसरीकडे म्हणजे कुठे हे त्यांनी विचारले नाही, आणि मीही सांगितले नाही. मी डबा मधल्या भिंतीपलीकडे, शेजारीण मालतीबाई घरत यांच्या लिंबोणीवर रिकामा करायचे.

ती लिंबोणी मालतीबाईंच्या यजमानांनी विमानतळात गेलेल्या गावातून, परसातून मुळासकट काढून आणली होती. गावाचे तेवढेच त्यांच्याकडे उरले होते. पाने संपत चालली तशा त्या गावदेवीचा अंगारा बुंध्याला लावू लागल्या, फांदीला काळा दोरा बांधला. मी मनात हसायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा डबा रिकामा करायचे. दोन पावसाळे असे गेले आणि लिंबोणी वाळली.

मालतीबाईंनी दोष सुनेला दिला. सुचित्राने विटाळशी असताना झाडाला हात लावला म्हणून झाड जळाले, असे त्यांनी धरले. तिला अंगण बंद झाले, मग महिन्यातले चार दिवस ताट वेगळे, मग रोजचे टोमणे. तिचा नवरा कुंदन गप्प. एकदा ती भिंतीपाशी आली आणि मला म्हणाली, "काकी, तुमी तर विटाल नाय मानत. आईंना सांगा ना जरा."

विटाळ काय असतो हे मला कोणी शिकवायला नको होते. कोकणातल्या आमच्या गावात माझी आई विहिरीपासून लांब उभी राहून, कोणी वरून ओतील त्या पाण्याची वाट बघायची. तिची मुलगी असून मी सुचित्राला म्हणाले, तुमच्या घरातली गोष्ट आहे बाई, मी काय बोलणार. तेव्हा तो डबा माझ्या हातात होता. आठ दिवसांनी ती उरणला माहेरी गेली, ती आजवर परत आली नाही.

मी एकही अळी मारली नाही, याचा मला केवढा अभिमान होता. आता त्याची लाज वाटते.

५. माझ्या दोन सोन्याच्या पाटल्या सुचित्रा कुंदन घरत हिला द्याव्यात आणि चौथे कलम मालतीबाईंना वाचून दाखवावे. साक्षीदार म्हणून जो सही करील त्याला या पत्रातले काहीही मिळणार नाही, म्हणजे सही लोभाने केली असे कोणी म्हणायला नको.

इथपर्यंत टाइप झाले. पुढचे माझ्या हाताने लिहिते.

मी मेल्यावर हे वाचले जाणार म्हणजे मी सुटणार, हे टाइप करून घेतानाच टोचत होते. म्हणून काल साक्षीला मालतीबाईंनाच बोलावले आणि चौथे कलम स्वतः वाचून दाखवले. मी पेन पुढे केले, ते त्यांनी बाजूला सारले.

"माजी सही कशाला? आदी तिला वाचून दाखव, जित्ती हास तवर," त्या म्हणाल्या. मग उठता उठता, "मी पन येते. माजं तोंड काय तुज्यापेक्षा कमी कालं हाय?"

आज आम्ही दोघी उरणला आलो. सुचित्राने सगळे स्वतः वाचले, चौथे कलम दोनदा. सासूशी ती बोलली नाही, पाणी मात्र दोघींना दिले. मग साक्षीदाराची जागा कुठली ते मला विचारले. मी पाचव्या कलमावर बोट ठेवले आणि सही केलीस तर पाटल्या जातील, असे सांगितले.

"जाऊ द्या. मी काय केलं नव्हतं, हे तुमी लिवलंय. त्याच्याखाली माजी सही पायजे."

सही तिने माहेरच्या नावाने केली.

ठिकाण: उरण
दिनांक: २३ ऑगस्ट २०२५

लिहून ठेवणार: चांगुणाबाई दत्तू गमरे (सही)

साक्षीदार:
१. सुचित्रा ज्ञानू ठाकूर (सही)
२. मालतीबाई कान्हा घरत (सही)