सुटणारा सांधा

बा, तू गेल्यावर या हातांनी मी पेरणीच्या तिफणी केल्या, शिरपूरच्या एका घराचं सागवानी दार केलं, जुन्या मोटारीतून लाकूड कातायचं यंत्र केलं, आणि आता तुझ्या नातीसाठी असा एक नमुना केला की तू तो उलटापालटा करून विचारलं असतंस, "हे काय होय रे?"

पोरगी पुण्यात ल्युकेमियावर संशोधन करते. ज्यानं तुला नेलं तोच रक्ताचा कॅन्सर. पेशीत स्नोआरएनए नावाचा बारीक धागा असतो. त्याच्या वळणावर आधी एक प्रोटीन बसतं, मग बाकीची तीन. ती धरून असतात तोवर धागा टिकतो. काही ल्युकेमियात असे धागे फार वाढतात, आणि रोगट पेशी त्यांच्या जोरावर तग धरतात. एवढं तिनं सांगितलं. उरलेलं मी सातवी शिकलेला माणूस शब्दकोश घेऊन वाचत बसलो. नमुन्यात धागा स्प्रिंगच्या तारेचा केला, प्रोटीनं सागाची. सांधे असे बसवले की मधून केस जाऊ नये.

काल सकाळी, रिसोडहून गाडी धरायच्या आधी, तिनं एक प्रोटीन ओढून पाहिलं.

"बाबा, हे निघत काहून नाही?"

"निघालं पाह्यजे? सुताराचा सांधा होय तो!"

"निघालंच पाह्यजे. ही पकड सुटते कशी, तेच तं आमी शोधून राह्यलो."

मी पटाशी उचलली. मी केलेल्या तिफणीचा फण डुलला म्हणून तू चारचौघांत माझ्या हातची पटाशी हिसकावली होतीस: "हाललं तं माह्यं नाव नोको सांगू." आता तीच पटाशी मी माझ्याच सांध्याला लावतो आहे. जरा जास्त दाबली की साग चिरणार, आणि पोरगी रिकाम्या हातानं जाणार. एकेक साल काढतो. ती घड्याळाकडे नाही, माझ्या बोटांकडे पाहते. एक निघतं, दोन, तीन. चौथं अडतं. मी श्वास धरून पुन्हा तासतो. ते निघतं आणि दाबून ठेवलेली तार सर्रकन उलगडते.

"असंच, बाबा!" ती ओरडली. मला मात्र तुझाच आवाज आला: "हाललं तं..."

हा कागद कुठं टाकणार? तुझ्या हत्यारांच्या पेटीत राहील. एक सांगतो, हालणारा सांधा मला अजून देखणा वाटत नाही. तरी काल संध्याकाळी अकोल्याचा एक शिकवणीचा क्लासवाला आला, नमुना आधी पाहून गेलेला, तस्साच नमुना मागू लागला, काचेच्या कपाटासाठी, पण पहिल्यासारखा घट्ट, न निघणारा. मी नाही म्हटलं. तो चाळीस हजार देत होता.