माझं तळं खाणाऱ्या बारा जणी

चि. धाकट्या मेहुण्यास,

अनेक आशीर्वाद. (रागात दिले आहेत, पण आशीर्वादच समजावेत.) तुझा गुडघा कसा आहे? बरा असेल तर उत्तम, कारण हे पत्र वाचून तुला इथवर धावत यायचं आहे. तुझी ताई मजेत आहे. मी नाही.

वि. वि., तू आणून सोडलेल्या बारा कोळंब्यांनी माझं तळं खाल्लं.

निवृत्तीनंतर मी ती काचेची टाकी का मांडली, हे तुला पक्कं ठाऊक होतं. आमच्या शाळेमागे तळं होतं. पाण्यात पाय सोडून मी सातवीच्या पुस्तकातली तळ्याची कविता इतक्यांदा म्हटली आहे की तिथल्या बेडकांनाही ती चालीसकट पाठ झाली असेल. म्हणून टाकीत पाणवनस्पती लावल्या, दगड मांडले, चार मासे सोडले, आणि सहा महिन्यांनी काचेवर, दगडांवर असं शेवाळ धरलं की दुपारचं तिरपं ऊन पडताच मी पुन्हा बारा वर्षांचा! अशा टाकीसमोर, माझ्याच खुर्चीत बसून, माझाच चहा पीत तू म्हणालास, "भाऊजी, हे काय गटार पाळलंय?" (ज्याच्या अंगणातला हौद वीस वर्षांत घासलेला नाही, त्यानं हे म्हणावं!) आणि पुढच्या खेपेला पिशवीतून या आरपार दिसणाऱ्या बारा जणी घेऊन हजर. शेवाळ खातात म्हणालास. खातात? अरे, पेपर लिहायला बसल्यासारख्या मान वर न करता खातात! तीन आठवड्यांत टाकी अशी लख्ख झाली की ती आता दाताच्या दवाखान्यात शोभेल.

बरं, शेवाळ संपलं, भूक संपली नाही. (जगाला कोळंबी म्हटलं की भूक लागते, इथे कोळंबीलाच लागली आहे.) माशांच्या तोंडचे दाणे पळवून झाले. एक तर नळीवरून चढून बाहेर पडली आणि तुझ्या ताईच्या विणकामाच्या पिशवीत सापडली. वाचली. तेव्हापासून, "माझ्या भावानं विश्वासानं दिलेली लेकरं उपाशी मारता?" असं म्हणून तुझी ताई त्यांच्यासाठी पालक उकडते. आधी त्यांना, उरला तर मला. चाळीस वर्षांत माझं जेवण तिनं कधी निववलेलं आठवत नाही. त्यांच्या पालकावर फुंकर घालते!

त्यात टाकीचा दुकानदार म्हणाला, पालकानं भागायचं नाही, शेवाळच वाढवा. आता खिडकीत सात बरण्या आहेत. प्रत्येकीत पाणी, दगड आणि माझं नशीब. रक्तदाब तपासायला आलेल्या डॉक्टरीणबाईंनी बरण्यांकडे पाहून हळूच विचारलं, "हे नमुने कुणाचे?" एखादी बरणी छान हिरवी होते, मी कवितेची पहिली ओळ म्हणतो, तोच स्वयंपाकघरातून हुकूम येतो, "झाला असेल तर टाका तो दगड!" टाकतो. दोन दिवसांत दगडाचं टक्कल! माझं तळं एकदाच गेलं असतं तर सोसलं असतं. आता ते दर आठवड्याला माझ्याच हातानं घालवतो आहे.

तेव्हा येत्या रविवारी ये आणि बाराही जणी घेऊन जा. यात बदल होणार नाही.

तुझा संतप्त,
भाऊजी

ता. क. अकराच ने. बारावीच्या पोटाखाली अंडी आहेत, प्रवास झेपायचा नाही.

दुसरा ता. क. बारावीला एकटी ठेवणं बरं नव्हे, असं तुझी ताई म्हणते. (ती म्हणते, मी नव्हे.) शिवाय दगड टाकताना मी कविता म्हणतो, तर हल्ली दुसऱ्या कडव्यालाच सगळ्या काचेशी येऊन उभ्या राहतात. दगडासाठी येतात, मला कळतं. पण या घरात शेवटच्या कडव्यापर्यंत थांबतं कोण?

तिसरा ता. क. रविवारी मात्र ये. येताना तुझ्या हौदातले दोन शेवाळलेले दगड आण. एक ताईसमोर या बारा जणींना दे. दुसरा ओल्या फडक्यात गुंडाळून खिशात ठेव आणि ती चहा करायला आत गेली की माझ्या हातात दे. तो मी कोणाला खाऊ देणार नाही.