राहिलेला कोपरा

मंगळवार, संध्याकाळ. जळगाव.

आज सकाळी गोधडी आईच्या मांडीवर ठेवली. अक्का गेली तेव्हा आईने लेकीची आठवण म्हणून तिच्या दोन सुती साड्या ठेवून घेतल्या होत्या, त्यांचीच ही गोधडी.

महिनाभर शिकले मी. शिलाई मशीनचे कापड पुढे सरकवणारे दाते खाली करायचे आणि कापड आपल्याच हातांनी फिरवायचं, मग टीप हवी तशी वळते. आधी खाली नुसता दोऱ्याचा गुंता व्हायचा. हात बसला तशी हाव सुटली. वेटोळ्यात वेटोळी. बोटभर जागा मोकळी दिसली की तीही भरून टाकली. कुणाला दाखवायचं होतं मला? आईला तर आता दिसतही नाही.

तिने गोधडीवरून हात फिरवला. मग पुन्हा फिरवला. पुठ्ठ्यासारखी कडक झालीय, हे मला तिच्या बोटांकडे बघताना कळलं.

"बठ्ठी शिवी टाकी तू," ती म्हणाली. "लुगडं कोठे शे?" सगळीच शिवून टाकली होती मी, लेकीचं लुगडं तिच्या हाताला लागतच नव्हतं.

उसवायला बसले, पण साडी इतकी विरलेली की टाक्याबरोबर तीही फाटायला लागली. सोडून दिलं. एवढी जागा कशाला भरली मी?

बॉबिन संपली म्हणून एक कोपरा तेवढा राहिला होता. तो उद्या भरणार होते. दुपारी आईच्या हाताला तो लागला. तेवढाच गालाखाली घेऊन ती झोपली. बाकीची गोधडी तिने पायाने दूर सारली.