एडविनचं मत

हॅसलब्रुक, १७ ऑक्टोबर १९७१

चि. एडविन यास,
अ. उ. आ.

गिरणी आता आठवड्यातून तीनच दिवस चालते. उरलेले दिवस अर्नेस्ट घरी बसून माझ्या स्वयंपाकात खोड्या काढतो. नवऱ्याचा इतका सहवास लग्नानंतर प्रथमच लाभतो आहे. आईचा खोकला तसाच.

आता मुद्द्याचं. युरोपच्या सामायिक बाजारात शिरावं या ठरावावर तू हुजूर पक्षाबरोबर मत देणार, अशी कुजबुज आहे. इथल्या मजूर पक्षाची चिटणीस मी, म्हणून जो तो मलाच गाठतो. बाहेरचं स्वस्त कापड आलं की हे तीन दिवसही जातील, लोणी महागेल, अशी लोकांना धास्ती आहे. खासदार तू असलास तरी तुझ्यासाठी दारोदार हिंडले ती मी. खरं काय ते आधी मला कळव. आणि गळ्याला मफलर गुंडाळत जा.

तुझी काळजी करणारी,
ईनिड

लंडन, २१ ऑक्टोबर

ती. ईनिडताईस,
सा. न. वि. वि.

कुजबुज खरी आहे. मागच्या महिन्यात तुमच्याकडे जेवताना सांगणार होतो, पण अर्नेस्टसमोर जीभ उचलली नाही.

गिरण्या आधीच बुडताहेत, ताई. सरकारनं पैसा ओतून त्या जगवाव्यात, हे पक्षाचं म्हणणं मला पटत नाही. मोठा बाजार मिळाला तर निदान पुढच्यांना दुसरं काम मिळेल. शिवाय युद्धात एकोणिसाव्या वर्षी फ्रान्समध्ये मी माझ्याच वयाचे जर्मन पुरले आहेत. ते मनातून जात नाही. त्या दिवशी आजारी पडून घरी राहा, असं मित्र सुचवतात. तेवढं मला जमणार नाही.

रागाव, पण पत्र पाठवत राहा.
एडविन

हॅसलब्रुक, १४ नोव्हेंबर

चि. एडविन,
आशीर्वाद.

तू हुजूर पक्षाबरोबर मत दिलंस, त्यावर काल इथल्या पक्षाची सभा झाली. तुझ्यावर विश्वास उरला नाही, पुढच्या निवडणुकीला दुसरा उमेदवार शोधावा, असा ठराव आला. बाजूने चव्वेचाळीस, विरोधात एकोणीस. दुसऱ्याकडून कळण्याआधी मीच सांगते, त्या चव्वेचाळिसांत मी आहे. नुसती मतं मोजत बसले असते तरी कुणी काही म्हणालं नसतं. पण समोर मागावरच्या बायका होत्या. तू त्यांच्या बाजूने उभा राहशील, असा शब्द त्यांना मीच दिला होता.

तुझ्यावर सगळ्यांत चिडलेला अर्नेस्ट, पण त्याने हात वर केला नाही. वाटेत एवढंच म्हणाला, "तो तुझा भाऊ आहे, ईनिड." तेव्हापासून घरात आम्ही बोललेलो नाही.

पक्षाचं पत्र वेगळं येईल. त्यात तुला 'महोदय' लिहावं लागलं.

ईनिड

लंडन, १८ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न.

दोन्ही पत्रं एकाच टपालाने आली. तुझ्यावर रागवायचा प्रयत्न केला. राग आला असता तर कधीतरी निवलाही असता. पण तुला पटलं ते तू केलंस, मला पटलं ते मी. कुणी कुणाला माफ करायचं, तेच कळत नाही.

नाताळला येणार नाही. आईला काय सांगायचं ते तूच ठरव, मला सुचत नाही.

लोभ असावा असं लिहायला हात धजत नाही. माझा आहे.

एडविन