व्हय म्हाराजा कोणी म्हणायचं?

९ नोव्हेंबर

माझा हिशेब सांभाळणाऱ्या रूपालीने ह्या महिन्याचा आकडा फोनवर सांगितला नाही. स्वतः घोडपदेवला आली, येताना खरवस घेऊन. म्हणाली, आधी गोड खा, मग ऐक. आकडा लिहीत नाही, दृष्ट लागेल. पण एवढं लिहिते: मी घरात बसून मालवणीत गोष्टी सांगते आणि त्या ऐकायला माणसं दर महिन्याला पैसे भरतात. हे वाक्य मुद्दाम पूर्ण लिहिलं, वाचायला बरं वाटतं.

रू. त्यांना सबस्क्रायबर म्हणते. मी वर्गणीदार म्हणते. लालबागच्या आसपास राहून वर्गणी ह्या शब्दाची इज्जत मी रू.ला काय समजावणार, ती बोरिवलीची.

आप्पांना ओरडून सांगितलं. वडिलांचा सगळा जन्म गोदीत वेल्डिंगमध्ये गेला, कान अर्धे तिथेच राहिले. म्हणाले, "वर्गणी गोळा करतंस, मगे गणपती खंय आसा?" आणि संध्याकाळी गॅलरीत उभे राहून शेजाऱ्यांना सांगत होते, "आमच्या बायची वर्गणी दुबैसून येता." मी आतून ऐकलं. बाहेर गेले नाही, गेले असते तर आप्पा गप्प झाले असते.

१६ नोव्हेंबर

महिन्याच्या गाऱ्हाण्याचं रेकॉर्डिंग. पोटमाळ्यावर, चारी बाजूंना गोधड्या लावून. मधेच खालच्या साळवींचा कुकर. पुन्हा पहिल्यापासून.

गोष्टींचा कार्यक्रम सुरू केला, गावच्या शेतातल्या खोपटाचं "मांगर" हे नाव दिलं, तेव्हा वर्गणीदार एका बाकावर मावतील एवढे होते. तेव्हा उत्साहात जाहीर करून बसले की जो वर्गणी भरेल त्याच्या नावाने, त्याच्या मागणीसकट, दर महिन्याला देवाला गाऱ्हाणं घालीन. गावी घालतात तसंच, एकाने मागायचं आणि जमलेल्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. राणेकाकांचा गुडघा, दुबईच्या तन्वीची परीक्षा, माझगावच्या फर्नांडिसबाईंच्या मुलाचं जहाज. देव कुठला हे बाईंनी विचारलं नाही, मीही नाही.

आता नावं संपतच नाहीत. गेल्या महिन्यात गोष्टीपेक्षा गाऱ्हाणं लांब झालं. आज शेवटी शेवटी आवाज असा फाटला की कोण्या सावंतांच्या सुनेचं बाळंतपण तीनदा सुखरूप करावं लागलं.

परळच्या लॅबमध्ये काउंटरवर बसून पेशंटची नावं पुकारायचे. ती नोकरी सोडून आपलं काहीतरी काढलं. आणि काय करतेय, तर नावं पुकारतेय! हसू आलं, पण हसताना घसा दुखला.

१९ नोव्हेंबर

बाजारात कोळीणमावशीकडे बांगडे घ्यायला गेले. आवाज ऐकून म्हणाली, "काय गो, नवऱ्याशी भांडलीस का?" म्हटलं, नवरा कुठाय मावशी. "मग बरंय, घसा लवकर सुटंल."

नाही सुटला. पण आजही मेसेजना उत्तरं दिली, नवी गोष्ट लिहिली, दोन मिनिटांचा नमुना रेकॉर्ड केला. गौरी-गणपतीतही एक आठवडा चुकवला नव्हता. ह्याचा मला फार अभिमान होता. आज थोडा कमी आहे.

२४ नोव्हेंबर

परळला घशाच्या डॉक्टर. तरुण बाई, बोलायला गोड. नळी घालून बघितलं आणि स्क्रीनवर मलाच माझा आवाज दाखवला. दोन बारीक गाठी, समोरासमोर. हाताला घट्टे पडतात तसे हे आवाजाचे घट्टे, म्हणाल्या.

"काम काय करता?"

"बोलते."

"आणि कामानंतर?"

"बोलते."

त्या हसल्या, मी नाही. महिनाभर मौन. कुजबुजायचंही नाही, त्याने जास्त ताण येतो. मग पुन्हा तपासणी. नाही ऐकलं तर ऑपरेशन, आणि नंतर आवाज अगदी पहिल्यासारखा येईलच असं नाही.

माझ्याकडे दुसरं काय आहे? दुकान नाही, मशीन नाही. आहे तो आवाज. भीती वाटली, चांगलीच वाटली.

२७ नोव्हेंबर

घरात पाटी आणली आहे. आप्पांना चष्म्याशिवाय दिसत नाही, मला बोलता येत नाही. चहा हवा का एवढं विचारायला अर्धा खडू गेला. आप्पा खूश. "पयल्यांदा घरात शांतता इली."

रू. लॅपटॉप घेऊन आली. तिने माझ्या जुन्या रेकॉर्डिंगवरून मशीनला माझा आवाज शिकवलाय. नावांची यादी घातली की गाऱ्हाणं तयार. "तू झोप काढ, तुझा आवाज काम करेल." ऐकलं. मीच. अगदी मीच, गाठी नसलेली. अंगावर काटा आला. चांगला की वाईट ते कळलं नाही.

आप्पांच्या कानाला हेडफोन लावले, आवाज फुल. डोळे मिटून ऐकत होते. मधेच काढून टाकले.

"ह्या मशीन मधी थांबणाच नाय. थांबल्याशिवाय लोक व्हय म्हाराजा कशे म्हणतले?"

रू. म्हणाली, "आप्पा, ते पण आहे ना. ऐका, प्रत्येक नावानंतर हीच म्हणते."

आप्पा माझ्याकडे वळले. "गाऱ्हाणा पण तूच घालतंस आणि व्हय म्हाराजा पण तूच म्हणतंस? मगे बाकीची माणसा कित्याक जमवलंस?"

पाटीवर चहाचा प्रश्न अजून तसाच होता, तो पुसत बसले.

२८ नोव्हेंबर

खरंच की. पहिल्या महिन्यात रेकॉर्डिंग रिकामं वाटलं म्हणून उत्तरही मीच भरलं होतं. मग तीच पद्धत पडली. नाव मी घ्यायचं, मागणी मी घालायची, होकारही मीच द्यायचा. एवढी माणसं वर्गणी भरून बसलेली, आणि पोटमाळ्यावर एकटी मी दोन्हीकडून ओरडतेय.

आप्पांना पाटीवर विचारलं: गावात नावं घेत नाहीत? म्हणाले, "सगळी लेकरा म्हटला की सगळी इली. नावा घेत बसलो तर शिमग्याचा रोंबाट नाचत-वाजत घराकडे पोचतला काय?"

३० नोव्हेंबर

रू.शी भांडण. एका बाजूने तोंड, दुसऱ्या बाजूने खडू. तिचं म्हणणं, लोक नाव ऐकायलाच पैसे भरतात, नाव काढलंस तर जातील. चूक नाही तिचं. तिनेही ह्याच्यासाठी चांगली नोकरी सोडलीय, ती घाबरणारच. म्हणाली, मशीनचं कोणाला कळणारही नाही. मी लिहिलं: मला कळेल. तिने लॅपटॉप मिटला. मग उरलेला खरवस कुठाय विचारलं. तो कधीच संपलाय.

संध्याकाळी दोघींनी मिळून वर्गणीदारांना लिहिलं:

"मांगराला कवाड असतं. ते महिनाभर लावतेय, आवाजाला विश्रांती हवी. ह्या महिन्याची वर्गणी नको. ह्यापुढे गाऱ्हाण्यात एकेकाचं नाव येणार नाही, सगळ्यांसाठी एकच असेल, आणि मी मधे थांबेन. तिथे व्हय म्हाराजा तुम्ही म्हणायचं. आपापल्या आवाजात म्हणून पाठवा. मांगर आता दर वर्षी एक महिना बंद राहील."

शेवटचं वाक्य रू.ने घातलं. मी नव्हे. मिठीच मारली तिला.

४ डिसेंबर

काही गेले. एकाने लिहिलं, नाव नाही तर वर्गणी कसली. बरोबर आहे त्याचं, तरी लागलं. दिवसभर फोनला हात लावायचा नाही असं ठरवलं होतं, लावला. रू.ने संध्याकाळी येऊन फोनच जप्त केला.

पाटीवर लिहिलं: किती गेले? म्हणाली, नाही सांगणार.

८ डिसेंबर

आज फर्नांडिसबाई माझगावहून चालत आल्या. पहिल्यांदाच भेटलो. मला वाटलं होतं उंच असतील. आवाज पाठवता येत नाही, तुझ्याच मशीनवर घे म्हणाल्या. पोटमाळ्याचा जिना चढताना दोनदा थांबल्या. माइकसमोर क्रॉस केला आणि असा खणखणीत व्हय म्हाराजा दिला की खालचा कुकर दबला. मुलगा जानेवारीत येतोय. त्याचं नाव घेऊ नकोस आता, तो येतोच आहे, म्हणाल्या.

मला बोलता आलं नाही हे बरं झालं. बोलले असते तर रडलेच असते.

१३ डिसेंबर

रू.ने फोन परत दिला, आवाजांनी भरलेला. तन्वीने दुबईहून पाठवलाय, मागे तिची आजी "जोरात म्हण गो" सांगतेय. गेल्या वर्षी ह्या पोरीला माका आणि तुका यातला फरक कळत नव्हता. राणेकाकांनी गुडघ्याच्या पट्ट्यासकट व्हिडिओ पाठवलाय, आवाजच मागितला होता तरी. कोणी ऑफिसच्या जिन्यातून, कोणी दवाखान्यातून. एक तर तो, नाव नाही तर वर्गणी कसली म्हणणारा. खाली लिहिलंय, "आईने म्हणायला लावलं."

हे मी उभं केलंय. हा माझा मांगर आहे. इथे नम्र व्हायचं कारण नाही, वही माझी आहे.

१७ डिसेंबर

ह्या महिन्याचं गाऱ्हाणं आप्पांनी घातलं. त्यांनीच विषय काढला. "बंद तर बंद, पण गाऱ्हाणा चुकूचा नाय." पोटमाळ्यावर मी फक्त बटण दाबायला. त्यांना ऐकू कमी येतं म्हणून कुठे थांबायचं ते मी हात वर करून दाखवणार होते. गरज पडली नाही. कुठे थांबायचं ते त्यांना माझ्यापेक्षा चांगलं कळतं.

"बा देवा म्हाराजा, ही तुझी लेकरा खंय खंय पांगली असत, कोण दुबैक, कोण माझगावाक, कोण दवाखान्यात. तेंका सगळ्यांका सांभाळ रे म्हाराजा."

थांबले.

"आणि माझ्या चेडवान सगळ्यांसाठी तुका साद घातल्यान, तेचो आवाज तेका परत दी रे म्हाराजा."

हे ठरलेलं नव्हतं. चेडू म्हणजे मुलगी, म्हणजे मी. बटण बंद करायचं राहिलं.

२३ डिसेंबर

आप्पांचं गाऱ्हाणं रू.ने सगळ्यांना पाठवलं होतं, ते ऐकून लोकांनी पुन्हा पाठवलेले आवाज तिने जोडून आणले. तिघं बसून ऐकलं. आप्पांच्या प्रत्येक थांबण्यात एवढी माणसं एकदम, की आप्पांनासुद्धा हेडफोनशिवाय ऐकू गेलं. वर बघून म्हणाले, "आता इलो गणपती."

माझ्या आवाजासाठी मागितलं त्या ठिकाणी सगळ्यात जास्त आवाज आहेत. रू. शपथेवर सांगते, तिने काही वाढवलं नाही.

सगळे म्हणाले, मी सोडून. पाटी मांडीवर घेऊन गप्प बसले.

उद्या परळ, तपासणी. डॉक्टर बोला म्हणतील की अजून थांबा, माहीत नाही. गाठी गेल्या की आहेत, तेही नाही. पण ह्या वेळी गाऱ्हाणं मी घातलेलं नाही. म्हणजे उत्तर द्यायचं माझं राहिलंय. बोला म्हणाल्या, की पहिलं तेच.