भोपळ्याच्या नर फुलांची भजी

नारपोली,
गुरुवार, सकाळ

ती. आक्कास,

केसरीनाथचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? इथे तुझी भावजय सुकन्या बरी आहे, माझी शुगर माझ्यासारखीच हट्टी आहे. दिवाळीपासून तू भावाचा फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र रिक्षावाल्या राकेशच्या हाती धाडतोय (तो तुझ्या हातात देऊनच परतेल, त्याला तशी ताकीद आहे).

दिवाळीत वडप्याच्या जमिनीतला हक्क माझ्या नावे सोडल्याच्या कागदावर तू मुकाट सही केलीस. मग पदराची गाठ सोडून आईच्या भोपळ्याच्या शेवटच्या चार बिया माझ्या हातावर ठेवल्यास. "जमीन तुला, घर तुला. आता ह्या बिया पन तूच ठेव," एवढंच बोललीस आणि निघालीस.

त्या बिया मी संक्रांतीनंतर गच्चीवर पिंपात लावल्या. तीन कुजल्या. चौथीचा वेल मात्र असा पसरला, की सुकन्याला वाळत घातलेले कपडे त्याला विचारून काढावे लागतात. पहाटे मी चहा घेऊन तिथे बसतो. खाली कापडाच्या लूमची शिफ्ट बदलत असते, खटखट जरा विरते, आणि डोळ्यांदेखत एकेक पिवळं फूल उघडतं. चहा निवतो. मी कुठल्या कुठे जातो. वडप्याला अजून गोदामं झालेली नाहीत, आई कुडाशी उभी आहे आणि तू परकराच्या ओच्यात फुलं घेऊन येते आहेस. (सुकन्या म्हणते, बसल्या बसल्या घोरतो. मी घोरत नाही.)

तर ही पहिली फुलं लांब, बारीक देठाची, मागे फळाचं नावही नाही. मी म्हटलं, नुसती शोभेची दिसतात. रोज खुडली आणि तीन आठवडे भजी खाल्ली. मग आखूड देठाची फुलं आली, प्रत्येकामागे लिंबाएवढा भोपळा! पेढे वाटायचेच काय ते बाकी होते. चार दिवसांत पहिला पिवळा पडून गळाला, मग दुसरा, मग तिसरा. मी उन्हाला आणि सुकन्याच्या साबणाच्या पाण्याला दोष दिला. शेवटी वरच्या मजल्यावरच्या संघरत्नाला (शाळेत विज्ञान शिकवते) बोलावलं. तिने वेल पाहिला, मग माझ्या ताटलीतली भजी पाहिली. "काका, तुम्ही तर सगळे नवरदेव तळून खाल्लेत!"

नर फुलं आधी येतात म्हणे, मादी मागून. मग तिने एक कोवळी कळी चिरून भिंगाखाली धरली. म्हणाली, अगदी सुरुवातीला प्रत्येक कळीत दोन्ही असतात, पुंकेसर आणि स्त्रीकेसर. पुढे एकाची वाढ थांबते आणि दुसरं वाढत जातं. आक्का, ती गेल्यावरही मी भिंग धरून बसलो होतो. आपण दोघं एकाच पाटीवर लिहायला शिकलो. सातवीत तुला थांबवलं, कारण पुढे मला कॉलेजात पाठवायचं होतं. कळीचं आपोआप होतं, तुझं आम्ही ठरवून केलं. मला लाज वाटली. तेव्हाच वाटायला हवी होती.

आणि हेही आठवलं, की पहाटे नर फूल खुडून मादी फुलावर फिरवायचं काम आई तुलाच सांगायची. मी त्या वेळी अंथरुणात असायचो, म्हणून मला यातलं काही ठाऊक नाही.

सुकन्याचा नमस्कार.

तुझा धाकटा,
केसरीनाथ

ता. क. वेल शेंड्याकडून वाळतोय. एकच मादी कळी उरली आहे, संघरत्नाच्या मते रविवारी पहाटे उमलेल. नर कळ्या तीन राखल्यात (घरात बेसन आणायला बंदी आहे). ते काम मला येत नाही. शनिवारी मुक्कामाला ये आणि ते फूल तूच फिरव.

ता. क. २. फळ धरो न धरो, तू ये. आधार कार्ड आण. वकिलाला विचारलंय. वडप्याच्या सातबाऱ्यावर तुझं नाव पुन्हा लावायला नवा कागद करावा लागेल, आणि या वेळी सही मी करायची आहे.